पाण्यावरची वाटणी

"मौसाजी, बाबा नहीं रहे," एवढंच विनोद फोनवर बोलला आणि त्याच्यामागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. मी तेव्हा बालाघाटातल्या आमच्या घरी, अंगणातल्या गळक्या नळाचं वायसर बदलत बसलो होतो. पान्हा हातात तसाच राहिला... विनोद हा माझ्या साडूंचा, दशरथभाऊंचा मुलगा. आमच्याकडची ही पिढी सुख असो की दुःख, हिंदीतच सांगते. छत्तीस वर्षं या जिल्ह्यात पटवारीकी केलेल्या माणसाला हिंदी समजायला वेळ लागतो असं नाही, पण समजूनही ते वाक्य आत शिरेना. आणि शिरलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? की आता या फाल्गुनात तलावावरची पाखरं कोण मोजणार! सांगायला लाज वाटते. तिकडे मेव्हणी रडत होती, इकडे माझ्या बायकोनं दारातच बसकण मारली होती, आणि मला बदकांची पडली होती. दशरथभाऊंना हे कळलं असतं तर मात्र ते मनापासून खूश झाले असते.

साडू हे नातं तसं गमतीचं. सासर एकच, त्यामुळे तक्रारीही एकच. लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षं आम्ही दोघं भेटलो की सासऱ्यांच्या चिक्कूपणावर बोलायचो आणि तेवढ्यात जेवायची वेळ व्हायची. दशरथभाऊ म्हणजे माणूस बारीक, काळा, उन्हात वाळवल्यासारखा. धानाची थोडी बांधी, म्हणजे भातखाचरं, होती, आणि तलावात शिंगाड्याचा एक वाटा होता. किरनापूरच्या रस्त्यानं जाताना डांबरी सोडून आत वळलं की हे गाव लागतं. गाव लहान, तलाव मात्र भला मोठा. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाची म्हैस ओळखू येत नाही. या तलावात गावातल्या चौदा घरांचे चौदा वाटे. पाण्यात बांबू ठोकायचे, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत अमक्याचं पाणी, पुढे तमक्याचं. पावसाळ्यात प्रत्येकानं आपल्या पाण्यात शिंगाड्याचे वेल सोडायचे आणि दिवाळीच्या आगेमागे डोंग्यात बसून तोडणी करायची. सरकारी नकाशात या वाटण्यांची एक रेघसुद्धा नाही. पटवारी म्हणून मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. मी म्हटलं, "दशरथभाऊ, पाण्याची वाटणी कागदावर नसली तर भांडणं होत नाहीत?" ते म्हणाले, "कागदावर नाही म्हनूनच होत नाही जी."

खरं तर चौदावा वाटा नंतरचा. मुळात तेराच होते. दशरथभाऊंचे वडील गेले आणि भाऊ हरिचंद वेगळा राहायला लागला तेव्हा बापाच्या पाण्याच्या मधोमध एक बांबू ठोकला गेला. एक बाजू खोल, कमळांची, तिथे शिंगाडा माजायचा. दुसरी बाजू घाटाकडची, उथळ, जिथे सगळं गाव कपडे आपटतं. थोरल्याला आधी निवडायचा मान. दशरथभाऊंनी घाटाकडची बाजू घेतली. मेव्हणीनं आठ दिवस त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. दशरथभाऊंचं म्हणणं एकच, "त्याची तीन लेकरं शिकून राहिली, आपला एकटा विनोद."

आता ज्या गोष्टीवरून सगळं पुढे घडलं ती सांगतो. शिंगाड्याच्या पानाला एक लालसर किडा लागतो, पानं पार चाळणी करून टाकतो. दुकानदारानं दिलेलं औषध सगळेच फवारायचे, दशरथभाऊंनीही फवारलं, जरा जास्तच फवारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगा घेऊन गेले तर त्यांच्या पाण्यावर सात अडया उलट्या तरंगत होत्या. अडई म्हणजे शिट्टी घालत उडणारं आपलं तपकिरी बदक, वर्षभर आमच्याकडेच राहणारं. ती साती पाखरं त्यांनी काठावर आणून ओळीनं ठेवली आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. मला त्यांनी हे कितीतरी वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "माह्याच हातानं झालं, साडभाऊ. दुसऱ्या कोनाचं नाव घ्याले जागा नाही."

पुढे वनखात्याची माणसं गावात आली. तलाव पाखरांसाठी राखायचा, शिंगाडा आणि फवारणी बंद, असं त्यांचं म्हणणं होतं. ग्रामसभेत सगळे गप्प बसले, तेव्हा पहिला अंगठा दशरथभाऊंनी उठवला. सही येत होती बरं का त्यांना, पण म्हणाले, अंगठा पक्का असतो. मग घरोघर जाऊन बाकीच्यांना राजी केलं. बारा घरं हळूहळू वळली. हरिचंद वळला नाही. त्याचं पाणी सगळ्यांत चांगलं, त्याचीच पोरं कॉलेजात, आणि त्याच्याच सख्ख्या भावानं ते पाणी बंद करायला पुढाकार घेतलेला. भर सभेत तो म्हणाला, "आधी चांगला वाटा देल्ला, अन् आता काढून घेतला. देल्लाच काहून होता मंग?" त्या दिवसापासून तो भावाशी बोलायचा बंद झाला. घरं समोरासमोर, मधे एक हँडपंप. लग्नाकार्यात एका पंगतीत बसायचे, बुद्धपौर्णिमेला एकाच विहारात वंदना म्हणायचे, पण शब्द नाही. नऊ वर्षं.

मी निवृत्त झालो आणि दशरथभाऊंनी मला कामाला लावलं ते त्याच सुमारास. वनखात्याला वर्षातून दोनदा पाखरांची मोजणी हवी असे. त्यातली फाल्गुनातली मोजणी दशरथभाऊंच्या जिव्हाळ्याची. पळस फुललेला, मोहाचा वास सुटायला लागलेला, पहाटे अजून स्वेटर लागतो आणि नऊ वाजता काढून कमरेला बांधावा लागतो, असे ते दिवस. लांबून आलेली बदकं परत जायच्या तयारीत असतात. दशरथभाऊ म्हणायचे, पाहुणे निघताना मोजावे, येताना तर कोणीही मोजते. मी डोंग्यात मागे वही घेऊन, ते पुढे. डोंगा म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तिच्यात पटवारी बसला की ती एका बाजूला कलते, हा त्यांचा दरवर्षीचा विनोद. आणि मोजायची त्यांची तऱ्हा अशी, की सबंध तलावाची पाखरं ते मोजतच नसत. वाट्यावार मोजायचे. बांबू केव्हाच कुजून गेले होते, पण त्यांना प्रत्येकाची हद्द पाठ. "लिहा, गंगारामच्या वाट्यात अडया चौतीस. जांभळ्या पानकोंबड्या अकरा. शेवंताबाईच्या वाट्यात शेकाटे पाच, एक लंगडून राह्यला." मी म्हटलं, "अहो, शिंगाडा बंद झाला, आता कसला गंगाराम अन् कसली शेवंताबाई? खात्याला एकूण आकडा हवा." वनखात्याचा बीटगार्ड तरुण पोरगा, तोही म्हणाला, "चाचाजी, ये हिस्सा-विस्सा फॉर्म में नहीं है." दशरथभाऊंनी शांतपणे सांगितलं, "तुमचा फॉर्म तुमच्यापाशी. ह्या लोकायनं आपलं पानी देल्लं. त्यायच्या पान्यात काय आलं, हे त्यायले सांगाले नको?"

म्हणून मग मोजणी झाली की हँडपंपापाशी वाचन. मी वही धरायची, दशरथभाऊंनी मोठ्यानं सांगायचं. पहिल्या वर्षी चार माणसं आली, तीही पाणी भरायला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी चटया टाकून बसायला लागली. शेवंताबाई ही गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, ती कानाला हात लावून पुढे बसायची आणि आकडा कमी आला की माझ्यावर डाफरायची, "पटवारी झोपला असन डोंग्यात." एका वर्षी सारसाची जोडी गंगाराम आणि तुळशीराम यांच्या बरोबर हद्दीवर उभी राहिलेली दिसली. माणसाएवढे उंच पक्षी, लाल मान, एक इकडच्या पाण्यात, एक तिकडच्या. या दोन घरांचं बांधावरून जुनं वाकडं. मी पटवारी, मी लगेच निकाल दिला की एकेक वाटून द्या. तर गंगाराम उठून म्हणाला, "जोडी तोडाची नाही जी, पाप लागन. तुळशीरामाकडंच लिहा." तुळशीराम म्हणे, नाही, गंगारामाकडं लिहा. अर्धा तास हेच चाललं. बांधासाठी एकमेकांवर कुऱ्हाडी उचललेली ही माणसं! शेवटी दशरथभाऊंनी कायदा केला, जो आजही चालतो. पाखरू आधी कोणाच्या पाण्यात उतरलं ते बघायचं, मग फिरायला कुठेही जावो.

मी स्वतः एक घोडचूक केली, तीही सांगून टाकतो. माझ्यातला पटवारी स्वस्थ बसेना, म्हणून मी तलावाचा एक छान नकाशा काढला, चौदा वाटे, चौदा क्रमांक, काळ्या शाईत. आमच्या तलावावर हिवाळ्यात एक बदक येतं, शेपटीला सुईसारखं लांब पीस असलेलं. पुस्तकात त्याला तलवार बदक म्हणतात, दशरथभाऊ सुईवाला म्हणत. सगळ्यांत देखणं तेच, आणि त्यांचा थवा नेमका हरिचंदच्या कमळांच्या पाण्यात उतरायचा. दशरथभाऊंच्या वाट्यात वर्षानुवर्षं काही नाही. मी म्हणायचो, तिथे धुणी आपटतात, पाखरू येईल कसं? ते मान हलवायचे, "त्यायले मालूम हाय, तिथं काय झालतं." मला त्यांची कीव आली आणि नकाशा काढताना दोघा भावांमधली रेघ मी जरा सरकवली. मुद्दाम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा सरकलेल्या रेघा पकडणारा मी! बोटभर रेघ, पण सुईवाल्यांचा अर्धा थवा दशरथभाऊंच्या नावावर आला. त्यांनी नकाशा बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "साडभाऊ, हे पानी हरिचंदचं हाय. एक वेळ त्याचं घेतलं, आता दुसऱ्यांदा घेऊ का?" मी खोडरबर शोधायला लागलो तर म्हणाले, शाईत आहे, नवीन काढा. काढला. तीन रात्री जागून काढला आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या.

हँडपंपाच्या मागेच हरिचंदचं अंगण. वाचनाच्या वेळी तो तिथे बसून टोपली विणायचा, आमच्याकडे पाठ करून. त्याच्या वाट्याचा आकडा आला की दशरथभाऊंचा आवाज एकदम चढायचा, घसा साफ करून, जणू सभा मैदानात चालली आहे. "हरिचंदच्या वाट्यात सुईवाले बावन्न!" लोक एकमेकांकडे बघायचे. टोपलीवरचा हात क्षणभरही थांबायचा नाही. मग घरी जेवायला बसलं की दशरथभाऊ मला हळूच विचारायचे, "ऐकलं असन का जी त्यानं?" दरवर्षी हाच प्रश्न. मी म्हणायचो, "बहिरा आहे का तो? तुम्ही ओरडलात ते किरनापुरात ऐकू गेलं असेल." ते हसायचे आणि भाताचं पातेलं माझ्यापुढे ढकलायचे. त्यांना दुसरं काही नको होतं, एवढं मी खात्रीनं सांगतो. पोरगा कामाला लागला होता, धान पिकत होतं, तब्येतीची फारशी तक्रार नव्हती, तलाव भरून पाखरं होती. सुखी माणूस. फक्त धाकट्यानं एकदा बोलावं. मागच्या डिसेंबरात ते बालाघाटला डॉक्टरकडे आले आणि आमच्याकडे जेवायला थांबले, ती आमची शेवटची भेट. डॉक्टरनं छाती तपासून काय कागद दिला, त्याबद्दल एक अक्षर नाही. यंदा सुईवाले लवकर आले म्हणाले, आणि मग हात धुता धुता म्हणाले, "एखादी शिवी तं देऊन पाहावं त्यानं. मी काय नाही म्हनून राह्यलो?" माझी बायको आतून म्हणाली, "भाऊजी, शिवी हवी तर मी देते." खूप हसलो आम्ही...

जानेवारीत सकाळी चहा पिऊन खाटेवर टेकले ते गेलेच. आम्ही पोचलो तेव्हा हरिचंदनं सगळं हाती घेतलं होतं. लाकडं त्यानंच आणली, खांदा पहिला त्याचाच, भंतेंच्या मागून पंचशील म्हणताना सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचा. मला त्याचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मेलेल्या माणसासाठी एवढं, आणि जित्यासाठी एक शब्द नव्हता? मी त्याच्याशी न बोलता परतलो. बायको म्हणाली, तुम्हीही तेच करताय. मी म्हटलं, करतो.

फाल्गुनात मोजणीला जायचं की नाही, यावर माझं मन दहा वेळा बदललं. अखेर शेवंताबाईचा निरोप आला, पटवारी मेला का म्हणून विचारा. गेलो. डोंगा विनोदनं हाकला, पुढे मी बसलो, आणि पुढे बसल्यावर कळलं की इतकी वर्षं मी काहीच बघितलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं. पाखरं हलतात हो! एका जागी थांबतच नाहीत. वीस मोजावे तर त्यातली तीन बुडी मारतात आणि भलतीकडे वर येतात. धुकं विरलं, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालला होता, पलीकडच्या काठाला पाणमांजरांची एक जोडी मासा घेऊन झटापट करत होती, आणि दलदलीवरून एक भोवत्या ससाणा खाली आला तशी सगळी अडयांची फौज शिट्ट्या घालत उठली. मी मोजायचं सोडून बघतच राहिलो. विनोद म्हणाला, "मौसाजी, गिनना है." खूप आनंद झाला मला त्या सकाळी, हेही लपवत नाही. ज्याच्यासाठी गेलो तो माणूस नव्हता, आणि तरी आनंद झाला.

वाचन सुरू झालं. माझा आवाज दशरथभाऊंसारखा नाही, त्यामुळे माणसं जवळ सरकून बसली. हरिचंद अंगणात, पाठमोरा, हातात टोपली. त्याच्या वाट्यापर्यंत आलो. ओरडायचा माझा मुळीच विचार नव्हता, उलट मी आवाज जरा पाडलाच. "हरिचंदच्या वाट्यात सुईवाले सदतीस."

"सदतीस नाही जी," अंगणातून आवाज आला. "एकेचाळीस."

हरिचंद उठून हँडपंपापाशी आला होता. म्हणाला, "चार तिकडल्या देवनळात बसतात, गवतात. डोंग्यातून नाही दिसत. माह्या बांधीच्या धुऱ्यावरून दिसतात." मी विचारलं, तुला काय माहीत? तो म्हणाला, "मी रोज मोजतो." केव्हापासून? तर, पहिल्या वर्षापासून. भाऊ डोंग्यातून मोजायचा आणि हा आपल्या शेताच्या कडेवरून. मला काय झालं कोण जाणे, एवढ्या लोकांसमोर मी त्याच्यावर तुटून पडलो. "नऊ वर्षं तो माणूस तुझ्यासाठी घसा फोडत होता, हरिचंद! जेवताना मला विचारायचा, ऐकलं असेल का त्यानं. तुला एकदा तोंड उघडता नाही आलं?"

तो खाली बघत होता. "भाऊचा आकडा कधी चुकलाच नाही जी. ते चार बी पकडे तो, कसा पकडे मालूम नाही. चुकला असता तं बोललो असतो. दरसाल वाट पाहो मी, यंदा चुकन, मंग जाऊन सांगीन म्हनो." मग म्हणाला, "तसंच राहून गेलं. लई मोठी गलती झाली माह्याच्यानं."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी सदतीसवर काट मारून एकेचाळीस लिहिलं. पुढचा वाटा दशरथभाऊंचा होता. मी वही मिटायच्या बेतात होतो, पण त्यानं विचारलंच, "भाऊच्या वाट्यात काय लिहिलं?" मी म्हटलं, निरंक. पटवाऱ्याच्या कागदात काहीच नसलं की आम्ही निरंक लिहितो. त्याला शब्द माहीत होता. मला वाटलं आता हा म्हणेल, माझ्यातली चार भाऊच्या नावावर टाका, आणि मी नाही म्हणणार होतो, कारण दशरथभाऊंनी ते मला करू दिलं नसतं. पण तो तसं काही बोलला नाही. माझ्याजवळ खाली बसला, नकाशा उलगडायला सांगितला, आणि दोन वाट्यांमधल्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे वाटनी मोडा जी," तो म्हणाला. "बापाचं एकच पानी होतं. दोघायचं एकच लिहा, पयल्यासारखं."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे शेकडो भाऊ आले. सगळे वाटणी करून घ्यायला आले. वाटणी मोडून द्या म्हणत आलेला हा पहिला. मी विचारलं, "थोरल्याचं नाव आधी घालू?" तो हौ म्हणाला. विनोद बाजूला उभा होता, त्याला म्हटलं बघ बाबा, वारस तू आहेस, तुझी हरकत आहे का? त्यानं मानेनंच नाही म्हटलं. मग मी शाईची ती रेघ काट मारून खोडली, वहीत दोन्ही नावं एका ओळीत लिहिली, दशरथ, हरिचंद, आणि त्यांच्यापुढे एकेचाळीस. शेवंताबाई मागून म्हणाली, "ऐकू नाही आलं, मोठ्यानं वाच." मी घसा साफ केला आणि वाचलं.